पायाची किंमत झाली, पाटीचे काय?

इंग्लंडचा विंगर जर्मेन पेनंट 2014 साली एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. नॉटिंगहॅमच्या मेडोज या गरीब वस्तीतल्या या कृष्णवर्णीय पोराला 1999 साली आर्सेनलने 20 लाख पौंडांना विकत घेतले. वय अवघे पंधरा-सोळा, आणि धड लिहितावाचता येत नव्हते! पायाची किंमत झाली. पाटीची फिकीर कुणाला होती?

2005 साली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तो तुरुंगात गेला. सुटल्यावर पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून खेळला. तरी 2007 साली लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरला. गुन्हा त्याचाच, त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण त्याला शिकवण्याची जबाबदारी कुणाची होती?

2019 साली पुण्याचा तो क्लबही बंद पडला. क्लब जातात, पाय थकतात, अक्षर राहते. जोतिबा-सावित्रीमाईंनी 1848 साली शाळा उघडलेल्या या शहरातल्या वस्त्यांतील पोरांनी फुटबॉल जरूर खेळावा. मात्र ज्या करारावर सही करायची, तो त्यांना स्वतः वाचता आला पाहिजे. जो क्लब शाळा सोडायला लावतो, त्याच्या दारात आईबापांनी पोर पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.