लेन्ससाठी कर्ज काढू नका, आधी हात स्थिर करा



"सर, फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करतोय. मोठी लेन्स हप्त्यावर घेऊ का?" जवळपास प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. तुमचे फोटो हलतात ते लेन्स स्वस्त आहे म्हणून नाही; बहुतेक वेळा शटर स्पीड कमी पडतो म्हणून.

हे मी पैसे घालवून शिकलोय. बीबीए झाल्यावर दुकान टाकलं आणि त्याच वर्षी एका शाळेच्या बक्षीस समारंभाची ऑर्डर घेतली. अंधारा हॉल, मी मागच्या रांगेत, ३०० एमएमपर्यंत झूम आणि शटर १/८०. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. रात्री कॉम्प्युटरवर उघडलं, तर निम्म्याहून जास्त फोटो हललेले. मुलांना बक्षिसं पुन्हा थोडीच देणार होते? ॲडव्हान्स परत केला, माफी मागितली. पुढच्या वर्षी त्या शाळेचा फोन आला नाही.

कारण साधं आहे. लांब लेन्स दृश्य मोठं करते, तशी हाताची थरथरही मोठी करते. जुना हिशोब लक्षात ठेवा: ३०० एमएमला शटर किमान १/३००. पण सुरुवातीला आपल्याकडे बहुधा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असतो. तिथे दीडपट धरा, म्हणजे ४५०, कॅमेऱ्यावर १/५००. आणि मी होतो १/८० वर! उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवा. थोडा दाणेदार फोटो गिऱ्हाईक चालवून घेतं, हललेला घेत नाही.

"पण स्टॅबिलायझर असलेली लेन्स घेतली तर?" चांगलीच आहे. चार स्टॉपचा फायदा मिळाला तर १/५०० चं काम १/३० वर होतं. पण तो फक्त तुमचा हात सावरतो. स्टेजवर नाचणारी पोरगी किंवा उडणारा पक्षी तो थांबवू शकत नाही. तिथे शटरच वाढवावा लागतो.

आता फुकटचे उपाय बघा. कोपरं छातीला टेकवा. डावा हात लेन्सच्या खालून धरा. एक पाय थोडा पुढे. श्वास हळू सोडत बटण दाबा, झटका देऊ नका. एकाऐवजी तीन-चार फोटो सलग काढा. मधला बऱ्याचदा स्थिर येतो.

त्यानंतर स्वस्तातले उपाय. जाड कापडाच्या पिशवीत तांदूळ किंवा राजमा भरा, झाली बीन बॅग. ताडोबात जिप्सीच्या कडेवर ती ठेवून लेन्स टेकवा आणि ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा. भिगवणला फ्लेमिंगो टिपताना होडी हलतेच, म्हणून तिथे शटर आणखी वाढवा. कार्यक्रमात गर्दीत मोनोपॉड सोयीचा. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा. जुनी लेन्स असेल तर स्टॅबिलायझर बंद करा, नाहीतर तोच कधीकधी फोटो हलवतो.

आजचा गृहपाठ: समोरच्या दुकानाच्या पाटीचे फोटो १/६०, १/१२५, १/२५० आणि १/५०० वर प्रत्येकी दहा काढा. कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून मोजा, दहापैकी किती स्पष्ट आले. ती तुमच्या हाताची मर्यादा. तिच्या खाली ऑर्डरचं काम करायचं नाही.

आणि मोठी लेन्स लागलीच तर एका दिवसाच्या भाड्याने आणा, ते भाडं कोटेशनमध्ये धरा. दर महिन्याला भाडं हप्त्याच्या पुढे जायला लागलं, की खुशाल विकत घ्या. तेव्हा हप्ता धंदा भरेल. आज घेतलीत तर तो घरच्यांच्या खिशातून जाईल, आणि फोटो तरीही हललेलेच येतील.