ड्रोनचे मोजमाप आणि त्याची मर्यादा

ड्रोनने मोबाइल टॉवरचे फोटो मिळतात, मोजमाप नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. टॉवरभोवती वेगवेगळ्या उंचीवर घिरट्या घालत, एकमेकांवर सुमारे 80 टक्के येणारी छायाचित्रे घेतली, की सामाईक बिंदूंवरून संगणक त्रिमितीय प्रतिकृती उभारतो. जमिनीवर मोजून आखलेल्या खुणांमुळे तिला प्रमाण मिळते. मग अँटेनाची उंची, दिशा व कल पडद्यावर मोजता येतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातल्या दापोली, मंडणगडात मोबाइल सेवा कोलमडली होती. अशा वेळी कुणाला वर चढवण्याआधी धोका जोखणे, हा या प्रतिकृतीचा खरा उपयोग. मात्र बारीक लोखंडी जाळी प्रतिकृतीत तुटक उमटते. खाऱ्या हवेने रंगाखाली धरलेला गंज किंवा बोल्टचा सैलपणा छायाचित्रात कळत नाही. तिथे माणूस आणि पाना लागतोच.