रुमाल टाकून समुद्र

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाचा मी आजवर मनापासून द्वेष करीत आलो. (कारण एवढंच, की माझा रुमाल कधी खिडकीपर्यंत पोचला नाही.) पण मॉरिशसला जाऊन आलो आणि त्या बापड्याला माफ करून टाकलं. त्याचा रुमाल वीतभर. तिथे लोक बारा चौरस मीटर कापड टाकून समुद्र धरतात!

या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला भला थोरला पतंग. आपल्याकडे संक्रांतीला माणूस पतंग उडवतो. इथे पतंग माणूस उडवतो. पाण्यात पडला तरी पुन्हा उठणाऱ्या, हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट दोन फ्रेंच भावांनी १९८४ साली घेतलं. तेव्हापासून पतंग उठतोच आहे. बसायचं नाव नाही.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटर उंच डोंगर आहे. पळालेले गुलाम एकेकाळी त्याच्या आसऱ्याला राहत. म्हणून २००८ साली तो जागतिक वारसा ठरला. त्याच्या पायथ्याशी लगून, म्हणजे प्रवाळाच्या बांधानं अडवलेलं उथळ, शांत पाणी. मे ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा जोरात. पतंगवाल्यांना आणखी काय हवं?

मी उतरलो होतो ते घर मराठी. त्यांचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेले. रविवारी सुरूच्या झाडांखाली डबे उघडले आणि घरातल्या मावशी गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक पतंग धाडकन कोसळला. दोऱ्या मावशींच्या खांद्याजवळून सपकन गेल्या. मागोमाग पतंगवाला आला आणि म्हणाला, "मॅडम, इथे उभं राहणं धोक्याचं आहे."

म्हणजे धोका आणणार हा, आणि हलायचं मावशींनी! मावशी क्रिओलमध्ये काय बोलल्या ते मला कळलं नाही. पण सूर अस्सल कोकणातला होता.

पतंगवाल्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. पाणी कमरेइतकं, लाट नाही. नवशिक्याला याहून चांगली जागा कुठली? अगदी कबूल. पण अहो, मावशीसुद्धा त्याचसाठी येतात! ती शांतता ना तुम्ही केलीत, ना मावशींनी. बाहेर प्रवाळ लाटा अंगावर घेतो म्हणून आत आपलं सगळ्यांचं फावतं. मग ज्याची दोरी लांब त्याचा हक्क लांब, हा कुठला न्याय? नवशिक्याच्या वाऱ्याखालची जागा मोकळी हवी, हे तुम्हीच शिकवता ना? मग ती मोकळी मिळेपर्यंत पतंग वाळूवर ठेवा. पोहणाऱ्यांची हद्द आखली असेल तिथे पाळा. नसेल तिथे आधी आखा. पाण्यातल्या माणसाला उठवून जागा करू नका.

पुढच्या रविवारी मावशी पुन्हा गेल्या. या खेपेला छत्री घेऊन. पाण्यात उभं राहून त्यांनी ती उघडली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. जेमतेम एक चौरस मीटर कापड. पण सुरुवात म्हणून वाईट नाही.