उपशामक सेवा : हक्क मान्य, दिलासा मात्र दूरच

नवी दिल्ली : ‘आता करण्यासारखे काही उरलेले नाही, रुग्णाला घरी न्या,’ हे वाक्य दुर्धर आजाराशी झुंजणाऱ्या कुटुंबांच्या कानी अनेकदा पडते. वास्तविक, रोग बरा करण्याचे उपाय संपले तरी वेदना, धाप, मळमळ, शय्याव्रण आणि मनातील भीती यांवर करण्यासारखे पुष्कळ काही उरलेले असते. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक सेवेचे क्षेत्र नेमके हेच आहे. देशात या सेवेसाठी धोरण आहे, कायद्याचे पाठबळही आहे. प्रश्न आहे तो ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याचा.

उपशामक सेवा आणि हॉस्पिस यांत अनेकदा गल्लत होते. हॉस्पिस आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी असते. मुंबईत 1986 मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस. उपशामक सेवा मात्र निदानापासूनच, केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही घेता येते. ती स्वीकारणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. हा गैरसमजच अनेक रुग्णांना या सेवेकडे फार उशिरा आणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज भासते आणि गरजूंपैकी जेमतेम 14 टक्क्यांना ती मिळते. भारतात केरळने वेगळी वाट दाखवली. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये लावलेले रोपटे पुढे लोकचळवळ बनले. प्रशिक्षित स्वयंसेवक, परिचारिका आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या बळावर सेवा घरोघरी गेली. 2008 मध्ये त्या राज्याने स्वतंत्र धोरणही स्वीकारले.

वेदनाशमनाचा मुख्य आधार असलेले मॉर्फिन महाग नाही आणि औषधी उपयोगासाठी अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत भारताचा समावेश होतो. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या गुंत्यामुळे आणि शिक्षेच्या धाकामुळे बहुसंख्य रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच टाळले. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सुटसुटीत केली. मात्र मॉर्फिन वापरण्याचे प्रशिक्षण न मिळालेल्या डॉक्टरांचा संकोच आणि व्यसन लागेल ही कुटुंबांची धास्ती कायद्याने दूर होत नाही.

दुसरा अडथळा आर्थिक रचनेचा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांना आहे. उपशामक सेवेची खरी गरज घरी असते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांमध्ये तिचा समावेश झाला असला, तरी घरी जाणारी प्रशिक्षित परिचारिका आणि औषधांचा नियमित पुरवठा नसेल, तर तो कागदावरच राहतो. परिणामी अखेरच्या दिवसांत अतिदक्षता विभागाचा खर्च पेलताना अनेक कुटुंबे कर्जात बुडतात.

सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी सन्मानाने मृत्यूचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली. जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली. दंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन आता पुरेसे आहे. मात्र कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवल्यानंतर रुग्णाची वेदना हलकी करणारे कोणी नसेल, तर या हक्काला अर्थ उरत नाही.

म्हणूनच रुग्णाला बोलता येत असतानाच त्याची इच्छा विचारणे आणि वेदनाशमनाची सोय कोठे आहे, हे डॉक्टरांकडून वेळीच जाणून घेणे कुटुंबांच्या हाती आहे. ती सोय जवळच्या आरोग्य केंद्रात असावी, ही जबाबदारी मात्र राज्यांचीच आहे.