पॉवर टिलर की छोटा ट्रॅक्टर? आधी सरी, मग यंत्र



लागणीचे दिवस जवळ आले की गट ऑफिसात बेण्याची आणि खताची चौकशी सुरू होते. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, बांधणीला पॉवर टिलर घेऊ की बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर?" प्रश्न रास्त आहे. बैलजोडी ठेवणारी घरे कमी झाली. पहारीच्या औतामागे दिवसभर चालणारा गडी मिळत नाही. बांधणी लांबली की खताचा हप्ता लांबतो, मागाहून फुटवे येत राहतात आणि पुढे वाऱ्यापावसात ऊस लोळतो. तेव्हा यंत्र हवेच, याबद्दल दुमत नाही.

पण कोणते यंत्र, हे ठरवण्याची आपली रीत काही खरी नाही. भावकीत एकाने ट्रॅक्टर आणला की दुसऱ्याला चैन पडत नाही. मग यंत्र दारात आल्यावर लक्षात येते की ते आपल्या सरीत बसतच नाही. माझे मत स्पष्ट आहे. यंत्राची निवड दुकानात होत नाही, ती लागणीच्या दिवशी रिजरने सरी पाडताना होऊन गेलेली असते. म्हणून आधी सरी ठरवा, मग यंत्र.

टेप घेऊन रानात चला

बारा-पंधरा अश्वशक्तीच्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांची बाहेरची रुंदी तीन फुटांच्या आसपास असते. आता हिशेब करा. सरी साडेतीन फुटांची असेल, तर चाकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच उरतात. चार फुटांत सहा इंच, साडेचार फुटांत नऊ इंच आणि पाच फुटांत एक-एक फूट. हे माप ओळीच्या मध्यापासून आहे. उसाचे बेट फुटून पसरले की त्यातले चार-सहा इंच तेच खाते. म्हणजे साडेचार फुटांच्या आत छोटा ट्रॅक्टर बांधणीला घालणे म्हणजे फुटवे चाकाखाली देणेच होय.

पॉवर टिलर बाहेरून पावणेतीन-तीन फूट भरतो, पण त्याच्या रोटरची रुंदी साधारण दोन फूट असते, चाके आत घेता येतात आणि मागचा माणूस हँडलवरून त्याला जरा इकडे-तिकडे सावरू शकतो. त्यामुळे चार फुटांच्या सरीत तो चालतो. ज्यांची सरी अजून तीन-साडेतीन फुटांची आहे त्यांनी या दोन्हींच्या नादी न लागता एक-दीड क्विंटल वजनाचा हलका पॉवर विडर पाहावा.

"सरी रुंद केली तर ऊस कमी बसेल की हो," असे जुने जाणते म्हणतात. तेही आकड्यानेच पाहू. एकरी चाळीस हजार गाळपालायक ऊस हवेत असे धरू. तीन फुटांच्या सरीत एकरात १४,५२० फूट लांबीची ओळ बसते, म्हणजे फुटाला पावणेतीन ऊस पुरतात. पाच फुटांत ओळ ८,७१२ फूट होते, तेव्हा फुटाला साडेचार-पावणेपाच ऊस ठेवावे लागतात. रोपे दीड फुटावर लावली तर एकरी ५,८०८ रोपे लागतात आणि प्रत्येक बेटात सात ऊस पोसले की चाळीस हजारांचा हिशेब पुरा होतो. रुंद सरीत ऊन आणि वारा खेळतो, त्यामुळे हे अवघड नाही. पण नांग्या वेळेवर भरल्या पाहिजेत. रुंद सरी आणि विरळ उगवण हे दोन्ही एकदम परवडायचे नाही.

वळायला जागा आहे का?

एक एकराचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजूला सुमारे २०८ फूट. ट्रॅक्टर वळवायला दोन्ही टोकांना दहा-दहा फूट सोडले, तर जवळपास पावणेचार गुंठे रान रिकामे राहते. तेच रान चारशे फूट लांब असेल तर दोनच गुंठे जातात. बांधाला लागून रस्ता असेल तर तेवढेही नाही. टिलर मात्र बांधाच्या कडेला थोड्या जागेत वळतो. आपल्याकडे वाटण्या होऊन वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे झाले आहेत. अशा तुकड्यांत वळण्यातच ट्रॅक्टरचा निम्मा वेळ आणि डिझेल जाते.

मागे चालणाऱ्याचा हिशेब कोण धरणार?

इथवर सगळे टिलरच्या बाजूचे झाले. आता दुसरी बाजू ऐका.

साडेचार फुटांच्या सरीत एकराला ९,६८० फूट, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर ओळ असते. दोन्ही बाजूंना माती लावायला टिलर सरीतून जाऊन-येऊन दोनदा फिरवावा लागतो. म्हणजे मागचा माणूस एका एकराला सहा किलोमीटर चालतो. तेही रस्त्यावर नव्हे, भुसभुशीत ढेकळांतून, चार क्विंटलच्या आसपास वजनाचे यंत्र सावरत, दोन्ही हातांत हँडलची थरथर घेऊन आणि कानाशी इंजिनाचा आवाज ऐकत. दिवसात दोन एकर उरकायचे म्हटले तर बारा किलोमीटर झाले. संध्याकाळी त्या माणसाच्या हाताला मुंग्या येतात, कंबर धरते. चार हंगाम असे गेले की तो टिलरला हात लावायला तयार होत नाही आणि यंत्र गोठ्यात गंजते.

आपल्याकडे यंत्र घ्यायचे ठरवतो थोरला, पैसे देते बँक किंवा सोसायटी आणि मागे चालतो धाकटा भाऊ नाही तर सालगडी. त्याला कोणी विचारत नाही. माझी विनंती आहे की, सौदा करण्यापूर्वी जो चालवणार आहे त्याला सोबत न्या आणि त्याच्या हातात हँडल देऊन पाहा. घरात टिलर धरणारे तरणे हात दोन तरी असतील, तासा-दीड तासाने पाळी बदलता येत असेल, तरच टिलर घ्यावा. साठीच्या माणसाने एकट्याने ऊस करायचा असेल, तर त्याने सरी पाच फुटांवर न्यावी आणि बसून चालवायचे यंत्र भाड्याने आणावे. यात कमीपणा कसला?

जिवाचीही काळजी घ्या. टिलरचा रोटर फिरत असताना तो कधीही मागे घेऊ नये. मागे बांध किंवा विहिरीचा कठडा असेल तर माणूस हँडल आणि बांध यांच्यात सापडतो, पाय घसरला तर थेट पात्यांत जातो. धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल, सैल विजार यांना यंत्राजवळ जागा नाही. ट्रॅक्टरवाल्याने बांधाच्या आणि विहिरीच्या कडेला तोल सांभाळावा आणि पीटीओच्या फिरत्या दांड्यावरचे झाकण काढू नये. दोघांनीही वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात उतरू नये. ओल्या रानात हलके यंत्रही माती दाबते आणि जड यंत्र जास्त दाबते.

माझा सल्ला

सरी चार ते साडेचार फूट, तुकडे लहान आणि घरात धरणारे हात असतील, तर पॉवर टिलर. सरी पाच फूट किंवा अडीच-पाच फुटांची पट्टा पद्धत, रान लांब आणि वळायला जागा असेल, तर छोटा ट्रॅक्टर. त्याला फवारणी, पेरणी, लहान ट्रॉली अशी वरकड कामेही मिळतात. पण पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आडसालीची खोल नांगरट करील किंवा कारखान्याला ऊस ओढील, या भ्रमात राहू नका.

ज्यांचा ऊस दोन एकरांच्या आत आहे, त्यांनी यातले काहीच एकट्याने घेऊ नये. बाळबांधणी आणि मोठी बांधणी मिळून त्यांचे चार एकरांचे काम होते. ट्रॅक्टर असो की टिलर, ते दोन-तीन दिवसांत उरकते. राहिलेले दिवस यंत्र दारात उभे राहणार आणि व्याज मात्र रात्रंदिवस चालणार. लगतच्या चार-पाच सभासदांनी मिळून एक यंत्र घ्यावे, पण त्याआधी सगळ्यांनी सरी एकाच मापाची पाडावी. एकाची चार फूट आणि दुसऱ्याची पाच फूट असेल तर भागी पहिल्याच बांधणीला मोडते. पाळी, डिझेल आणि दुरुस्ती कोणाकडे, हे वहीत लिहून सह्या घ्याव्यात. तोंडी बोलण्यावर भावकी टिकत नाही, मग भागी कुठली टिकणार?

घ्यायचेच ठरले तर तीन गोष्टी करा. पहिली, तेच यंत्र भाड्याने आणून आपल्याच रानात एक एकर बांधून पाहा. सुरुवातीला टाकी काठोकाठ भरा आणि शेवटी पुन्हा भरा, म्हणजे एकराला डिझेल किती लागले ते कळेल. दुसरी, मध्य प्रदेशातील बुधनी येथे केंद्र सरकारची यंत्र तपासणीची संस्था आहे. यंत्राचा सरकारी तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागा. तिसरी, २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून अनुदान मिळते. त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमतीचे पत्र हातात येण्यापूर्वी केलेली खरेदी अनुदानात बसत नाही. आधी यंत्र आणून मागून कागद करू, असे म्हणणाऱ्याचे पैसे जातात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण मुलाबाळांना सांगतो. तसेच सरी पाहून यंत्र घ्यावे. या लागणीला रिजर जोडण्यापूर्वी, पुढे बांधणीला सरीत कोणते यंत्र आणि कोणता माणूस उतरणार आहे याचा घरात बसून विचार करा. सरीच्या मापाबद्दल शंका असेल तर आपल्या गटाच्या चिटबॉयला किंवा आम्हाला रानात बोलवा. टेप घेऊन येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी