उशीर नेमका कोणाला झाला?

अमेरिकेत फेब्रुवारीत फुटबॉलचा हंगाम संपतो आणि शौकिनांच्या वादांचा हंगाम सुरू होतो. संघाने कोणाला ठेवावे, कोणाला निरोप द्यावा, कोणावर पैसा ओतावा, याचा काथ्याकूट मग उन्हाळाभर चालतो. या वादांत एक प्रश्न दरवर्षी नव्या नावानिशी उभा राहतो. सात-आठ वर्षे चाचपडलेला, दोन-तीन संघांनी नाकारलेला क्वार्टरबॅक तिशीच्या उंबरठ्यावर फुलू शकतो काय? एक पक्ष म्हणतो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ज्याला पहिल्या तीन वर्षांत जमले नाही त्याला पुढे काय जमणार? दुसरा पक्ष दोन-चार ठळक नावे फेकतो आणि आणखी एक संधी मागतो. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल. वस्तुतः त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो माणसाची पारख केव्हा, कोणत्या परिस्थितीत आणि किती वेळा करावी, असा आहे. आणि तो ज्यांना दरवर्षी उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात किंवा ज्यांच्या गोपनीय अहवालावर दुसरे कोणी शेरा मारते, त्यांना परका वाटण्याचे कारण नाही.

ज्याला अमेरिकन माणूस फुटबॉल म्हणतो, तो कोल्हापुरात पेठापेठांच्या संघांत खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्यात पायाचे काम बेताचे, हाताचे आणि खांद्याचे फार. अकरा जणांच्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. साधले तर आणखी चार प्रयत्न, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. या आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. समोरच्या बचावाची मांडणी वाचायची, आपल्या गड्यांना सांकेतिक शब्दांत सूचना द्यायच्या आणि चेंडू हाती आल्यावर अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांची पर्वा न करता अडीच-तीन सेकंदांत तो योग्य माणसाकडे फेकायचा, हे त्याचे काम. आणि संघात अशी जागा एकच. क्रिकेटमध्ये फलंदाज सहा असतात, यष्टिरक्षक एक. क्वार्टरबॅकचे नशीब यष्टिरक्षकाचे. जागेवरचा माणूस धडधाकट असेल तोवर दुसऱ्याने कडेला उभे राहून टिपणे काढायची.

संशयवाद्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण संख्येचे बळ निःसंशय त्यांच्या बाजूला आहे. उशिरा फुललेल्यांची नावे आपल्याला पाठ असतात. उशिरापर्यंत थांबूनही न फुललेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. ब्रँडन वीडनचे उदाहरण घ्या. बेसबॉलमध्ये काही वर्षे घालवून तो महाविद्यालयीन फुटबॉलकडे वळला आणि २०१२ मध्ये क्लीव्हलँडने त्याला पहिल्या फेरीत निवडले तेव्हा तो २८ वर्षांचा होता. वय वाढले म्हणजे जाण वाढते, हा हिशेब त्याच्या बाबतीत चुकला. दोन हंगामांत संघाने त्याला मोकळे केले. नुसते पिकलेले वय कामाचे नाही, एवढे यावरून मान्य करू.

परंतु जी नावे पुढे केली जातात ती केवळ अपवाद म्हणून बाजूला सारण्यासारखी नाहीत. ती कशी घडली हे पाहावे लागते. जिम प्लंकेट हा १९७० सालचा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू. १९७१ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर तो न्यू इंग्लंडकडे गेला. तेथे पाच वर्षे मार खाल्ला. सॅन फ्रान्सिस्कोत दोन वर्षे काढली आणि त्यांनीही त्याला काढून टाकले. १९७८ मध्ये ओकलंडने त्याला घेतले ते राखीव म्हणून, आणि त्या संपूर्ण हंगामात त्याने एकही चेंडू फेकला नाही. १९८० च्या हंगामात मुख्य क्वार्टरबॅकचा पाय मोडला, तेव्हा नाइलाजाने प्लंकेटला मैदानात उतरवण्यात आले. जानेवारी १९८१ मध्ये त्याच संघाने सुपर बोल जिंकला. अंतिम सामन्याचा मानकरी प्लंकेट, वय ३३. तीन वर्षांनी त्याने तो पुन्हा जिंकून दिला.

कर्ट वॉर्नरची कथा अमेरिकेत आता दंतकथेच्या पदवीला पोहोचली आहे. १९९४ मध्ये त्याला कोणी निवडले नाही. ग्रीन बेच्या शिबिरातून तो परत आला आणि आयोवातील एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर डबे रचू लागला. मग छपराखाली, आखूड मैदानावर खेळला जाणारा फुटबॉल. मग १९९८ मध्ये अॅमस्टरडॅम. १९९९ मध्ये सेंट लुईसच्या मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा सरावाच्या सामन्यात निकामी झाला आणि २८ वर्षांच्या वॉर्नरकडे संघ आला. त्या हंगामात त्याने ४१ टचडाऊन फेकले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोलही जिंकला. एवढ्यावर कथा संपती तर ती नशिबाची म्हणता आली असती. पुढे तो ढासळला, दोन संघांतून गेला, म्हातारा म्हणून निकालात निघाला आणि ३७ व्या वर्षी अॅरिझोनाच्या संघाला, ज्याने तोवर सुपर बोल कधी पाहिलाच नव्हता, तेथवर घेऊन गेला. २०१७ मध्ये त्याचा समावेश खेळातील थोरांच्या दालनात झाला.

या दोन्ही कथांत एक गोष्ट सारखी आहे, आणि भाविक शौकीन नेमकी तीच विसरतात. दोघांनाही संधी मिळाली ती कोणाला त्यांचे गुण दिसले म्हणून नव्हे. दुसऱ्याचे हाड किंवा गुडघा मोडला म्हणून. हाडे शाबूत राहिली असती तर प्लंकेट हा वाया गेलेला हिरा म्हणून आणि वॉर्नर हा किराणा दुकानातील एक हसतमुख नोकर म्हणून उरला असता. म्हणजे न फुललेल्यांच्या त्या न ठेवलेल्या यादीत किती जण खरोखरच कुवत नसलेले आणि किती जण केवळ शेजाऱ्याच्या उत्तम प्रकृतीचे बळी, हे संशयवाद्यांनाही सांगता येणार नाही. आपल्याकडे पद्माकर शिवलकर प्रथम श्रेणीचे ५८९ बळी घेऊनही कसोटीविना राहिले आणि दिलीप दोशींनी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळून शंभरावर बळी मिळवले. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. जागा एकच, आणि तीवर बिशनसिंग बेदी. यावरून दोशी उशिरा फुलले असे कोणी म्हणेल काय?

क्वार्टरबॅकच्या अंगी दोन प्रकारची शक्ती लागते. खांद्याची शक्ती पंचविशीच्या आसपास ऐन भरात असते आणि पुढे हळूहळू उतरते. बचावाची लबाडी ओळखण्याची शक्ती मात्र पाहून, चुकून, पुन्हा पाहूनच येते. तिला वर्षे लागतात. या दोन रेषा तिशीच्या जवळपास कोठे तरी एकमेकींना छेदतात, आणि ज्याच्याजवळ पहिली पुरेशी उरलेली आहे त्याची दुसरी तेथे फळ देऊ लागते. स्टीव्ह यंग चार वर्षे जो मोंटानाच्या मागे बसला. ३१ व्या वर्षी, १९९२ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्याने सहा टचडाऊन फेकले. त्या चार वर्षांना वाया गेलेली वर्षे म्हणायचे की शिकवणीची?

रिच गॅननचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी वाजते. १९८७ मध्ये चौथ्या फेरीत निवडलेला हा खेळाडू बारा वर्षे इकडून तिकडे फिरला; मध्ये एक हंगाम खांद्याच्या दुखण्याने खेळाबाहेरही गेला. १९९९ मध्ये ओकलंडला जॉन ग्रुडन या प्रशिक्षकाची व त्याची गाठ पडली. आखूड, झटपट, अचूक फेकींची ग्रुडनची पद्धत गॅननच्या अंगाला शिवल्यासारखी बसली, आणि २००२ मध्ये, ३७ व्या वर्षी, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यात समोर होता टॅम्पा बेचा संघ, आणि त्याचा प्रशिक्षक होता तोच ग्रुडन. गॅनन कसा विचार करतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? गॅननच्या पाच फेकी प्रतिपक्षाच्या हाती गेल्या आणि ओकलंड ४८-२१ असे हरले. ज्या माळ्याने झाड वाढवले त्यालाच त्याच्या फांद्या कोठून मोडतात हे माहीत होते.

तेव्हा माणूस एकटा फुलत नाही हे उघड आहे. आता लीगची रचना पाहा. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तळाच्या संघाला पहिला मान मिळतो. समतेच्या दृष्टीने हे न्याय्यच. पण त्याचा परिणाम असा की सर्वांत होतकरू तरुण सर्वांत मोडक्या घरात जाऊन पडतो. तेथे त्याचे रक्षण करणारी फळी कच्ची, चेंडू झेलणारे सुमार, प्रशिक्षक दर दोन वर्षांनी बदललेला. २००५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या अॅलेक्स स्मिथला सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या काही वर्षांत जवळजवळ दरवर्षी नवा आक्रमण-प्रशिक्षक मिळाला. दरवर्षी पाठ्यपुस्तक बदलणाऱ्या शाळेतील विद्यार्थ्याला मंद म्हणणारा शिक्षक आपण कसा समजू? २०११ मध्ये व्यवस्था स्थिरावताच त्याच स्मिथने तोच संघ सोळांपैकी तेरा सामने जिंकून दिला.

आणि काहींच्या बाबतीत तर उशीर हा शब्दच अप्रामाणिक आहे. वॉरन मून १९७८ मध्ये महाविद्यालयीन खेळातील मानाचा रोझ बोल जिंकून आला होता. त्या वर्षीच्या निवडीच्या बारा फेऱ्यांत त्याचे नाव कोणी पुकारले नाही. तो कृष्णवर्णीय होता. आणि कृष्णवर्णीयाने धावावे, झेलावे, पण संघाची सूत्रे हाती घेण्याइतके डोके त्याच्यापाशी नसते, असा त्या काळी या खेळातील पुष्कळ शहाण्यांचा समज होता. अशा खेळाडूंना जागा बदलण्याचा सल्ला मिळे. मूनने तो मानला नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनला सलग पाच अजिंक्यपदे मिळवून दिली आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला. २००६ मध्ये थोरांच्या दालनात प्रवेश मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. अमेरिकन लीगच्या नोंदवहीत त्याची कारकीर्द २७ व्या वर्षी सुरू होते. तो उशीर मूनचा नव्हता.

आज अडथळा पैशाचा आहे. २०११ च्या करारानंतर नवोदितांचे वेतन चार वर्षांपुरते बांधले गेले. २०२४ मध्ये पहिल्या निवडलेल्या क्वार्टरबॅकला चार वर्षांचे मिळून सुमारे चार कोटी डॉलर मिळाले. त्याच वर्षी डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटने वर्षाला सहा कोटींचा करार केला. तेव्हा तरुण स्वस्त आहे तोवरच त्याच्याकडून सर्व वसूल करण्याची घाई संघांना होते. त्याच कराराने सरावाचे दिवसही कमी केले. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने ते योग्य झाले, पण जे सराव उरले ते बहुतेक मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. मागे बसलेल्याने शिकायचे केव्हा?

सध्याच्या वादाला निमित्त झाले ते जीनो स्मिथ आणि सॅम डार्नल्ड यांचे. दोघेही न्यू यॉर्क जेट्सने निवडलेले आणि सोडून दिलेले; या संघाने २०१० च्या हंगामानंतर बाद फेरी पाहिलेली नाही, हे लक्षात ठेवावे. स्मिथ सात वर्षे बहुतांशी राखीव राहिला आणि २०२२ मध्ये सिएटलला अचूकतेत साऱ्या लीगमध्ये पहिला आला. २०२५ मध्ये सिएटलने त्याला लास वेगासला धाडले, आणि तेथील दुबळ्या संघात त्याचा हंगाम पार विसकटला. त्याच्या जागी आलेला डार्नल्ड २०१८ मधील तिसऱ्या क्रमांकाची निवड. तीन संघांतून फिरल्यावर त्याने २०२४ मध्ये मिनेसोटाला सतरांपैकी चौदा सामने जिंकून दिले, तरी मिनेसोटाने त्याला ठेवले नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये सिएटलने सुपर बोल जिंकला तो त्याच्याच हातून. अर्थात त्यात बचावफळीचा वाटा मोठा होता, आणि संशयवादी तो मुद्दा सोडणार नाहीत. सोडूही नये. चांगल्या बचावफळीमागे उभा राहिलेला क्वार्टरबॅक चांगला दिसतो; तसाच दुबळ्या संघातला वाईट दिसतो. पहिले मान्य करणाऱ्याने दुसरेही मान्य केले पाहिजे.

शौकिनांनी वाद खुशाल घालावेत. लीगने मात्र एक गोष्ट करावी. १९९८ साली अॅमस्टरडॅमच्या संघात वॉर्नरचा राखीव होता जेक डेलोम, तोही कोणी न निवडलेला. २००४ च्या फेब्रुवारीत तो कॅरोलिनाच्या संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला आणि तीन गुणांनी हरला. युरोपातील एका संघाच्या एकाच जागेवरून सुपर बोलचे दोन सूत्रधार निघाले. ती युरोपीय लीग लीगच्याच आश्रयाने चाले. खर्च परवडत नाही म्हणून २००७ मध्ये ती बंद करण्यात आली. एका क्वार्टरबॅकला वर्षाला सहा कोटी डॉलर मोजणाऱ्या धंद्याने, कडेला उभ्या असलेल्यांना प्रत्यक्ष खेळण्यासाठी अशी एक शाळा पुन्हा उघडायला हरकत नसावी.