जुना लॅपटॉप घेताय? फॉरमॅट मारला म्हणजे कुलूप निघालं, असं नाही

जालना : सोयाबीनचे पैसे हातात आलेत, पोराचं कॉलेज सुरू आहे आणि दुकानात कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप पंधरा-सोळा हजारांत मिळतोय. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं हिशोब केला तरी हे तीन क्विंटल सोयाबीन झालं. एवढी रक्कम मोजण्याआधी मशीनला कुणाचं कुलूप तर नाही ना, हे बघायलाच हवं.

हा विषय आत्ताच का? मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कंपन्यांना जुनी मशीनं बदलावी लागताहेत आणि तीच व्यापाऱ्यांच्या हातून तालुक्याच्या दुकानापर्यंत येतात. त्यात चोरीचं किंवा कंपनीनं न सोडलेलं मशीन असलं, तर गिऱ्हाइकाला ते वरून ओळखू येत नाही.

मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. *#०६# दाबलं की आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवला की माहिती येते. हरवलेला मोबाइल संचार साथी पोर्टलवरून बंद करता येतो, ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. पण ही नोंद आयएमईआयवर चालते आणि साध्या लॅपटॉपला आयएमईआयच नसतो. म्हणजे लॅपटॉपची तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागते.

कुलपं मुख्यतः चार प्रकारची. पहिलं बायोस पासवर्ड. हे मदरबोर्डवर असतं, फॉरमॅट मारून निघत नाही. दुसरं कंपनीची नोंद. मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर कंपनीच्या नावानं असते. रिसेट करून इंटरनेट लावलं की कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागितला जातो. तिसरं ॲब्सोल्यूट, म्हणजे जुनं कॉम्प्युट्रेस. ते चालू असलं तर हार्डडिस्क बदलली तरी परत जागं होतं आणि मूळ मालक दुरूनच मशीन लॉक करू शकतो. चौथं बिटलॉकर, ते डिस्कवरच्या माहितीचं. हे मात्र डिस्क पूर्ण पुसून नव्यानं विंडोज टाकलं की जातं. ॲपलच्या नव्या मॅकबुकवर जुन्या मालकाचा ॲपल आयडी राहिला, तर पुसल्यावरही तोच मागितला जातो.

दुकानात अर्धा-पाऊण तास बसायची तयारी ठेवा आणि पैसे देण्याआधी एवढं करा :

१. मशीन चालू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१ दाबा. पासवर्ड मागितला तर तो सौदा सोडा.

२. आत गेल्यावर सिक्युरिटीच्या पानावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस 'ॲक्टिव्हेट' झालेलं आहे का, बघा.

३. समोरच रिसेट करायला लावा. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि सेटअप शेवटपर्यंत जाऊ द्या. कुठल्या कंपनीचं नाव आलं तर थांबा. 'नेट नंतर लावा' असं दुकानदार म्हणाला, तरी थांबा.

४. मशीनच्या खालचा सिरीयल नंबर बायोसमधल्या नंबराशी जुळवा. खालचा नंबर खरवडलेला असेल तर घेऊ नका.

तोच सिरीयल नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या, दुकानाचं नाव आणि तारखेसह. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, माल चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असूनही घेतला, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उद्या पोलिसांनी विचारलं तर बिल हाच तुमचा पहिला पुरावा.

दोन-तीन हजार वाचतात म्हणून बिनबिलाचा लॅपटॉप घेतला आणि महिन्याभरात तो लॉक झाला, तर तीन क्विंटल सोयाबीन गेलं आणि पोराचा अभ्यासही अडला.